एकशे सदतिसावी चाचणी

दोनशे तेरा हिरव्या ओळी आणि एक लाल. अलकनंदानं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. लाल ओळ जागची हलली नव्हती.

"अजून तेच दाखवून राह्यलं का, मॅडम?" चहा ठेवत शालिकरामनं विचारलं. बालाघाटच्या त्या धान संशोधन केंद्राचा तो चपराशी.

"हौ. एकशे सदतीस."

धानावर करपा रोग कधी पडेल, हे हवामानावरून आधीच सांगणारं सॉफ्टवेअर मुख्य कार्यालयातून आलं होतं. विदर्भातली आणि इकडची मिळून बेचाळीस केंद्रं होती. प्रत्येकानं ते तीन तऱ्हांच्या कॉम्प्युटरवर बसवायचं, सोबतच्या दोनशे चौदा चाचण्या चालवायच्या आणि शुक्रवारी पाचपर्यंत अहवाल धाडायचा. त्यावरून पुढच्या टप्प्यासाठी केंद्रं निवडली जाणार होती. अलकनंदा कंत्राटावरची संख्याशास्त्रज्ञ. पुढचा टप्पा मिळाला नाही, तर मार्चनंतर तिची खुर्चीही नाही.

तीन आठवडे ती झटत होती. विंडोजवर पहिल्या दिवशी नव्वद चाचण्या आडव्या झाल्या, कारण फोल्डरचं नाव तिनं हौसेनं देवनागरीत ठेवलं होतं. ते बदललं, तर तारखा उलट्या. पाच जुलै म्हणजे सात मे समजून सॉफ्टवेअरनं भर उन्हाळ्यात, धानाच्या कोरड्या ठाक बांधीत करप्याचा इशारा दिला. लिनक्सची तऱ्हा आणखी वेगळी. फाइलच्या नावात एक अक्षर मोठं पडलं, की तो तिला ओळखही दाखवत नसे.

तिसरा कॉम्प्युटर मॅक, तो केंद्रप्रमुख बंडोपंत सरांचा. मुलानं हैदराबादहून पाठवलेला. तोवर त्यावर फक्त लग्नाचे फोटो पाहिले गेले होते. तो दर पायरीला पासवर्ड मागायचा. सर तो कुणाला सांगत नसत. दर वेळी केबिनमधून उठून यायचे, सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावायचे आणि एका बोटानं टाइप करायचे. एका दिवसात अलकनंदानं एकोणीस वेळा भिंत पाहिली.

तरी एकेक करत सगळं जुळलं. उरली ती एकशे सदतीस. विंडोजवर एक उत्तर, लिनक्सवर दुसरं, आणि मॅकवर दर वेळी नवंच.

शेवटी तिनं ज्योत्स्नाला फोन लावला. ती कॉलेजातली मैत्रीण, शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रावर होती.

"आमचं झालं न बाई, पहिल्याच फटक्यात," ज्योत्स्ना म्हणाली.

"एकशे सदतीसही?"

पलीकडे ज्योत्स्ना उगाच खोकली.

"तेही झालं. ठेवू का? साहेब बोलावून राह्यले."

आणखी चार केंद्रांना विचारलं. चौघांचंही झालेलं. बुधवारी अलकनंदानं जड हातानं अहवाल लिहून ठेवला. दोनशे तेरा पास, एक नापास, कारण कळलं नाही.

सरांनी तो पाहिला आणि खुर्चीत मागे टेकले. "अलकनंदाबाई, सगळ्यायचं झालं. आपलंच काहून अडून राह्यलं? शुक्रवारपर्यंत मले सगळं हिरवं दिसलं पाहिजे."

शुक्रवारी दुपारी ती पडद्यासमोर सुन्न बसली होती. शालिकरामला राहवलं नाही.

"मॅडम, मी आधी किरनापूरच्या एका शाळेत होतो. तपासणीच्या दिवशी आमचे हेडमास्तर कच्च्या पोट्ट्यायले सांगत, तुमी सोताचं काही बोलू नका, पुढचा पोट्टा जे सांगन तेच सांगा. निकाल शंभर टक्के!"

अलकनंदा हसली. मग हसता हसता थांबली.

तो गेल्यावर तिनं दार लोटलं. एकशे सदतिसाव्या चाचणीची फाइल उघडली आणि त्यात एकच ओळ बदलली: कॉम्प्युटर जे उत्तर देईल, तेच बरोबर. तिन्ही मशीनवर दोनशे चौदा ओळी हिरव्यागार झाल्या. नव्यानं अहवाल लिहिताना तिनं दोनदा दाराकडे पाहिलं. आजवर तिनं आकडा कधी फिरवला नव्हता.

सर मागे येऊन उभे राहिले. "टाका, टाका, पाच वाजून राह्यले!"

तिनं अहवाल जोडला आणि पाठवून दिला. सरांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. तिनं आपल्या वाट्याचा शालिकरामला देऊन टाकला.

सोमवारी ऑनलाइन बैठक होती. सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं, त्या डॉ. श्रुतिका पडद्यावर आल्या. त्यांनी निकालाचा तक्ता उघडला. एकाखाली एक एक्केचाळीस केंद्रं, सगळी हिरवी. तळाशी लाल रंगात, बालाघाट. दोनशे तेरा.

अलकनंदानं घाईनं शुक्रवारचा मेल उघडून पाहिला. दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली होत्या; घाईत तिनं बुधवारचीच जोडली होती.

सरांनी हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मार्च महिना स्पष्ट दिसत होता. दाराशी उभा शालिकराम कपबशा न उचलताच मागे सरकला.

"बालाघाटकडून कोण आहे?" डॉ. श्रुतिकांनी विचारलं.

"मी," अलकनंदा उभी राहिली. ऑनलाइन बैठकीत उभं राहत नाहीत, हे तिला सुचलं नाही; पडद्यावर नुसती ओढणी दिसू लागली. "मॅडम, माझ्याकडून चूक झाली. तो अहवाल..."

"बसा. मला आधी बोलू द्या. एकशे सदतीस नंबरची चाचणी कुठल्याच कॉम्प्युटरवर पास होऊ शकत नाही. मी ती मुद्दामच तशी लिहिली होती." त्यांनी एक्केचाळीस चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवली. "पुढचा टप्पा बालाघाटला. अलकनंदा मॅडम, आता या सगळ्यांना प्रामाणिकपणावर दोन शब्द सांगा."