बारा जावा

डॉक्टर होऊ घातलेल्या लेकीला मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा काही केल्या पाठ होईनात. मग शिवणकाम करणारी तिची आई रोज संध्याकाळी मशीन थांबवून फोनवर उजळणी घेऊ लागली.

"त्या बाराजणी जावा आहेत असं समज," आई म्हणाली. "पहिली सगळ्याचा वास काढते, दुसरी टक लावून बघते, दहावी पार पोटापर्यंत हिंडून येते, अकरावी नुसते खांदे उडवते आणि बारावीची जीभ आवरत नाही."

लेक परीक्षेत पहिली आली आणि तिचे फोन थांबले. आईनं लावलाच तर, "घाईत आहे गं, नंतर करते," एवढंच. शेवटचं गिऱ्हाईक कपडे घेऊन गेलं की आईशी बोलायला घरात कुणी उरत नसे.

अठराव्या दिवशी तिनं पुन्हा फोन लावला. "अगं, ती पाचवी काय करते? डोक्यातून गेलंच बघ."

"आई, तूच तर शिकवलंस. पाचवी घास चावते," म्हणत लेक हसली आणि चांगली वीस मिनिटं बोलत राहिली.

फोन ठेवताना आईनं मनाशी ठरवून टाकलं,


उद्या सहावी विसरायची.