बांगड्या वर सारून

"वहिनी, हा गेम घेच. पहारेकरी चुकवत धाकट्या बहिणीला किल्ल्यातून पळवायचं. मारामारी कमी, आणि गोष्ट अशी की रडशील," हेरंबने सुचवलं. दिराला वहिनीची आवड ठाऊक होती. पण बाळ झाल्यापासून आकांक्षाने एकही गेम खेळला नव्हता.

दुपारी बाळ झोपल्यावर, सासूबाईंना कळू नये म्हणून आवाज बंद करून ती खेळायला बसली. तासाभराने मागे वळून बघते तर पाळणा रिकामा. ती धावतच चाळीच्या गॅलरीत आली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर खेळत होतं. हातातल्या बांगड्या त्यांनी वर सारून घट्ट बसवल्या होत्या.

"मगाशीच उठला. म्हटलं, बांगड्या वाजल्या तर तू खेळ टाकून उठशील."

आकांक्षाचे डोळे भरून आले. ती त्यांना टेकून बसली.

"सुटली काय गो ती बहीण?" सासूबाईंनी विचारलं.