वसुबारसेचा फोन

वासरं गाडीवाल्या हमदुल्लाला काही केल्या दाद देईनात. पिकअपला फळी लावून तो केव्हाचा घाम गाळत होता. एकाची शेपटी पिरगाळून झाली, दुसऱ्याला मागून रेटून झालं, तिसऱ्याने तर त्यालाच वाळूत बसवलं.

"सदानंदभाई, आप बुलाओ ना," तो कपडे झटकत म्हणाला. "आप की सुनते हैं. मेरे को कसाई समझते हैं."

त्यात त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं! गाडी तिकडेच तर चालली होती.

सदानंदने खिशातून खजूर काढले आणि हाक मारली, "या रे, या या या!" रोजची हाक. फेब्रुवारीत जन्मल्यापासून वासरांना तेवढंच मराठी येत होतं. पाचही जणं मुकाट फळीवरून वर चढली, बकुळी सगळ्यांत पुढे. तिने त्याच्या हातावरचे खजूर खाल्ले, वर तळहातही चाटला. त्याने हात काढून घेतला. हमदुल्लाने मागची फळी बंद केली, "खलास" म्हणाला आणि गाडी उम्म अल कुवैनच्या रस्त्याला लागली.

मग आयांना कळलं. पाचही गाई जाळीला छाती लावून हंबरायला लागल्या. त्या आता दोन-तीन दिवस थांबणार नव्हत्या, घसा बसेपर्यंत. मागच्या वर्षी सदानंदला याचं एवढं लागलं नव्हतं. तेव्हा वासरांना नावं नव्हती.

शेतावर दुसरं माणूस नव्हतं. अरबाब, म्हणजे मालक, शुक्रवारी यायचा, तेही मनात आलं तर.

तेवढ्यात पुण्याहून सुहासिनीचा फोन आला. मंदीत सदानंदची इथली, आखातातली कंपनी बसली, अल कुसैसचा फ्लॅट सुटला, तेव्हापासून बायको आणि मुलगी तिकडे होत्या. व्हिसा टिकवायला त्याने मिळेल ते काम धरलं आणि घरी सांगितलं, डेअरी फार्म आहे. कसली डेअरी! ही गुरं मांसासाठी पाळलेली. दूध कुणी काढायचं नाही, सगळं वासरांच्या पोटात, आणि वासरं मोठी झाली की खाटकाकडे. पण वसुबारसेचा उपास धरणाऱ्या बाईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"अहो, आज वसुबारस! आहे ना लक्षात?" सुहासिनीचा आवाज खुशीत होता. "मी आत्ताच पूजा केली. सोसायटीत गाय कुठून आणू, मातीचीच केली. आज गहू नाही, दूध नाही. बाजरीची भाकरी आणि गवार. तुमचं नशीब बघा, दारात खऱ्या गाई, वासरांसकट! कुंकू नसेल तर नुसते हात जोडा. आणि बकुळीला पोटभर पिऊ द्या हं. आजचं दूध वासराचं."

"हं," सदानंद म्हणाला.

मागून शुभ्रा ओरडली, "बाबा, पुट द फोन निअर नटेला! आय वॉन्ट टू से हाय!" नटेला तिचं लाडकं वासरू.

"एवढ्या का हंबरतायत हो?" सुहासिनीने विचारलं.

चारा उशिरा पडला म्हणाला असता तरी खपलं असतं. थापा मारायची सवय झाली होती त्याला. पण तळहात अजून चिकट होता.

"शुभ्राला जरा बाहेर पाठव."

तिकडे दार लागल्याचा आवाज आला.

"सुहास, ही डेअरी नाही गं. ही मांसासाठी पाळलेली गुरं आहेत. बकुळी, नटेला, सगळी आत्ता गेली गाडीतून. चढत नव्हती, तर मीच हाक मारून चढवली. मी दोन वर्षं तुझ्याशी खोटं बोललो."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"हॅलो?"

"आहे मी," ती म्हणाली. "डेअरी नाही, ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून. एवढ्या गाई दारात, आणि तुम्ही सांगताय, दुधाच्या पावडरचा डबा संपला, काळा चहा पितोय. मी काय बावळट आहे?"

सदानंद पालथ्या घमेल्यावर खाली बसला. "मग भांडली का नाहीस? आणि ठाऊक होतं तर नावं कशाला ठेवलीस? फोनवर बारसं काय, पाळणा काय म्हटलास! नावं नसती तर आज मला..."

"तुम्ही बोलतच नव्हता हो," सुहासिनी म्हणाली. "वर्षभर रोज फोन आणि रोज एकच, बरं आहे, बरं आहे. फोन ठेवला की मला रडू यायचं. वासरं झाली तेव्हा पहिल्यांदा तुम्ही भरभरून बोललात. कुणाचे कान लांब, कोण कुणाच्या आईचं दूध चोरतं. मला इतकं बरं वाटलं! म्हणून एकेकाला नाव दिलं. रोज विचारायला काहीतरी हवं ना मला."

सदानंद उठून जाळीपाशी गेला. बकुळीच्या आईने त्याचा हात हुंगला आणि आणखी मोठ्याने हंबरली.

"आता उद्यापासून कुणाचं विचारू मी?" सुहासिनी म्हणाली.

त्याने गाईच्या कपाळावरून हात फिरवला.

"अहो, बोला ना काहीतरी."

"बरं आहे," तो म्हणाला.