दोन वाजताचं बीपी

सेहेचाळीस पेशंट आणि ड्यूटीवर एकटी सुचिता सिस्टर. ज्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही त्यांच्या तक्त्यात, सगळ्याच सिस्टर करत तसं, तिनंही दुपारी दोनच्या रकान्यात सकाळचंच बीपी उतरवलं आणि घरी जायला लोणारची एसटी धरली.

पर्समध्ये राजीनामा होता, तीन महिन्यांपासून. उद्या देऊनच टाकायचा, असं ठरवता ठरवता तिला एकोणीस नंबरच्या कॉटवरचे भगवानराव आठवले. "बाई, डोकं लय गरगरून राह्यलं," असं म्हातारा सकाळी म्हणाला होता. "आलीच आबा," म्हणून ती जी पुढं गेली, ती तिकडं फिरकलीच नव्हती; दोनच्या रकान्यात मात्र आबांचंही बीपी लिहून आली होती.

पुढच्याच फाट्यावर ती उतरली आणि मिळेल त्या ऑटोनं परत आली. वॉर्डात शिरून ती थेट त्या कॉटकडं गेली. एकोणीसवर कोणीतरी डोक्यावरून चादर ओढून निपचित पडलं होतं. नाडी बघायला तिनं चादरीबाहेरचा हात धरला, तर त्या हातात हिरव्या बांगड्या.

चादर हळूच सरकली.



"वाट पाहून पाहून आबाले त त्याच्या पोरीनं सकाळी दहालेच दुसऱ्या दवाखान्यात नेलं, बाई," ती बाई कशीबशी बोलली, "वॉर्डातल्या मावशीनं मले इथं निजवलं तवापासून तुम्हीच पहिल्या आल्या."