आडनावाच्या जागी

बसा, चहा घ्या. वडिलांच्या थडग्याचा दगड ठरवायच्या आधी आमच्या बंदरावरचं ऐका.

वादळात बुडालेल्या कोळ्यांच्या नावांचा दगड नगरपालिकेनं उभा केला. सगळ्यांचं आडनाव एकच, आपल्या जपानी लिपीतल्या एकाच दुर्मीळ अक्षराचं. भिक्षूचे मंत्र होईस्तोवर दगड बघायचा नसतो, म्हणून पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. कापड ओढलं आणि सगळे थिजलेच. प्रत्येक आडनावाच्या जागी नुसत्या दोन जाड रेघा!

"हे काय रे, मेल्या?" सुगिए आजी ओरडली.

नगरपालिकेचा हिरोता पांढराफटक पडला. "आजी, तुमच्या आडनावाचं अक्षर आमच्या जुन्या कॉम्प्युटरलाच ठाऊक होतं. कोरायच्या यंत्राला ते कळलंच नाही, त्यानं रेघा मारल्या."

"पोरगा समुद्रानं नेला. नाव तुम्ही नेलंत?"

म्हणून म्हणतो, वडिलांचं नाव या कागदावर तुमच्या हातानं लिहून द्या, मी अगदी तसंच कोरतो.