ओहोटी पुढे ढकलली आहे

नारळी पौर्णिमेच्या सकाळी टोपल्या घेऊन खाडीकाठी उभ्या असलेल्या बायकांच्या फोनवर एकदमच निरोप आला: 'आजची ओहोटी पुढे ढकलली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

पौर्णिमा-अमावास्येची मोठी ओहोटी लागली की शिंपल्यांचा चिखल उघडा पडायचा. गेले दोन महिने तो कुणाला दिसलाच नव्हता.

भानुमती नाखवा पूजेचा नारळ हातात घेऊन तडक खाडीच्या तोंडावर बांधलेल्या दरवाजांच्या ऑफिसात शिरली. देवस्थळी नावाचा तरुण इंजिनिअर पडद्यावर पाण्याची पातळी बघत बसला होता.

"काकू, पलीकडच्या डेटा सेंटरमधले संगणक थंड ठेवायला पाणी लागतं," तो म्हणाला. "त्यासाठी खाडी भरलेलीच ठेवायची, असा वरून आदेश आहे."

"आणि तेच पाणी तापवून परत आमच्या खाडीत सोडता. पाय घातला तर चटका बसतोय. खाली शिंपल्या जागच्या जागी उकडल्या असतील."

"माझ्या हातात काही नाही."

"दरवाजाचं बटण कुणाच्या हातात आहे मग?"

भानुमतीने नारळ त्याच्या टेबलावर आपटला.

"हे काय, काकू?"

"दर्यानं शांत व्हावं म्हणून आम्ही नारळ देतो. आता दर्या तुम्हीच झालात, तर तुम्हालाच द्यायचा."

तो ओशाळून हसला. "एवढा राग बरा नाही."

"रागाचं मला नका सांगू. दर्या कितीही खवळला, तरी दिवसातून दोनदा मागं सरायचा. तुम्ही एकदा तरी सरलात?"