मंगळवारचं गिऱ्हाईक

"बाबा, छोटी शाळेत जायला लागली. आता तरी आवरा ते दुकान. किती दिवस ओढणार?" सकाळी सकाळी मुलीचा फोन.

"बघू," म्हणून लोकरवाल्यानं फोन ठेवला आणि शटरला हात घातला. शटर अर्ध्यावर अडकलं. खांद्यातून कळ गेली.

चार वर्षांपूर्वी कोपऱ्यावर मोठं स्टोअर आलं आणि रस्त्याची रयाच गेली. आधी घड्याळवाल्यानं गाशा गुंडाळला, मग बाइंडरनं. बायको गेल्यावर लोकरवाल्याचंही मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं. खोकी बांधून झाली होती. तेवढ्यात शाळेतून निवृत्त झालेल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही हलायचं नाही. या रस्त्यावर एक तरी ओळखीचं दुकान उरायला हवं. मी दर मंगळवारी येईन. आणि तुम्हीही शब्द द्या."

त्यानं दिला.

बाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं, आपल्या माणसांकडून घ्या. लोकांनी माना डोलावल्या आणि स्टोअरची वाट धरली. बाई मात्र ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, येत राहिल्या. लोकरीचे दोन गुंडे घ्यायच्या.

"काय विणताय?" तो विचारायचा.

"चाललंय आपलं," म्हणून त्या निघायच्या.

इकडे नात फोनवरच रांगायला लागली, फोनवरच बोलायला लागली.

"एका गिऱ्हाइकासाठी आम्हाला सोडून बसलात?" मुलगी चिडायची.

"शब्द दिलाय गं. म्हातारीचं मन कसं मोडू?"

आज मंगळवारच होता. शटर काही हलेना. लोकरवाला पायरीवर बसला तो बसलाच. समोरून माणसं जात होती, हातात स्टोअरच्या पिशव्या. कुणी थांबलं नाही. त्याला एकदम वाटलं, पुरे झालं.

निदान बाईंना समोर जाऊन सांगावं म्हणून तो त्यांच्या घरी निघाला. तिसरा मजला. दोनदा कठड्याला धरून थांबला. दार बाईंनीच उघडलं. पायात चपला, हातात काठी, निघायच्या तयारीत.

"बाई, माफ करा," तो धापा टाकत म्हणाला. "आता माझ्याच्यानं होत नाही. दुकान बंद करतोय. तुम्हाला दिलेला शब्द मोडतोय."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. मग दाराजवळच्या खुर्चीत हळूच टेकल्या. त्यांचे डोळे भरून आले.

लोकरवाल्याला वाटलं, चार वर्षं काढली, आणखी थोडं काढता आलं असतं.

"रडू नका हो बाई. हवं तर अजून एक वर्ष..."

"नको!" बाई जवळजवळ ओरडल्याच. मग काठी बाजूला ठेवून त्यांनी पायातल्या चपला काढल्या. "विणणं सुटून तीन वर्षं झाली मला. दर मंगळवारी हे जिने उतरताना म्हणायचे, देवा, आज तरी यांचं दुकान बंद असू दे."